दोन हातांचा दाब

"काका, हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम. झावळी उभी फाडावी तसं. छातीत आलं नि पाठीत उतरलं."

चौलच्या वाडीत शिंपणं करताना काकांना ही कळ आली. घरच्यांना आधी वाटलं उसण भरली, मग वाटलं पित्त. शेवटी रिक्षा करून अलिबागला आणलं. त्या रात्री मी तातडीच्या विभागात डॉक्टरांच्या शेजारी उभा होतो. ईसीजीत थोडे बदल होते. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं सुरू करावीत, असं वाटण्याइतके. डॉक्टरांचा हात मात्र थांबला.

"सिस्टर, दुसऱ्या हाताचं बीपी घ्या."

डावा १७२, उजवा १२८. पट्टा सैल असेल म्हणून पुन्हा बांधला. आकडे तेच.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरला की रक्त थरांच्या मधे घुसतं आणि भिंत उभी सोलत पुढे जातं. वाटेत हाताकडे जाणाऱ्या फांदीचं तोंड दाबलं गेलं, तर त्या हाताचा दाब उतरतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचं तोंड दाबलं गेलं, तर ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो. अशा वेळी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जीव घेऊ शकतं.

काकूंनी हळूच सांगितलं, बीपीची गोळी दोन महिने बंद होती. बरं वाटत होतं म्हणून. ऐकून जीव तळमळला. या फाटण्यामागचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाबच.

सीटी अँजिओग्राफीत महाधमनीच्या पांढऱ्या वर्तुळात एक बारीक आडवी रेघ उमटली. एका नळीच्या दोन नळ्या झालेल्या. तीही हृदयालगतच्या चढत्या भागात, म्हणजे ऑपरेशन लागणारच. उपचार न झाल्यास सुरुवातीच्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका तासाला एक-दोन टक्क्यांनी वाढतो. आणि वडखळमार्गे मुंबई सुमारे १०० किलोमीटर. रात्री बोटीचा भरवसा नाही.

आधी वेदनाशामक, मग लॅबेटालॉल. नाडी साठच्या खाली, वरचा दाब १०० ते १२० मध्ये आणायचा. मुंबईला फोन झाला, अॅम्ब्युलन्स दाराशी लागली.

निघताना डॉक्टरांनी काकांच्या उजव्या दंडावर चिकटपट्टी लावली आणि पेनाने ठळक लिहिलं : 'इथे बीपी घेऊ नये. डावा हात पाहा.' उजव्या हातावर आकडा छान दिसला असता, आणि वाटेत कुणीतरी औषध थांबवलं असतं.