घरातील स्पीकर कोठे ठेवावेत?

आपल्या मावळातील कार्ले लेणीचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. सर्व बाजूंनी खडक असल्यामुळे तेथे उच्चारलेला शब्द भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा कानी येतो. संथपणे म्हटलेल्या गाथांना हे घुमणे शोभते. भराभर बोललेली वाक्ये मात्र एकमेकांत मिसळतात. शिरगाव-सोमाटणे भागातील सिमेंटच्या भिंती व फरशी असलेल्या खोलीतही लहान प्रमाणात हेच घडते. त्यात स्पीकरची मांडणी चुकली की, महाग संच घेऊनही घरातील वृद्ध मंडळी म्हणतात, “आवाज मोठा येतो, पण बोललेले कळत नाही.”

पाच स्पीकर व एक सबवूफर अशा ५.१ संचात चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. नेमका तोच घरोघरी शोकेसमध्ये फुलदाणीमागे ढकललेला आढळतो! तो टीव्हीच्या लगत खाली किंवा वर, कानांच्या दिशेने तोंड करून ठेवावा. वृद्धांच्या दृष्टीने एवढा एकच बदल फार मोलाचा आहे.

समोरच्या दोन स्पीकरसाठी विद्यार्थी मित्रांनी भूमिती आठवावी. बसण्याची जागा व ते दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा. मोजायला दोरी पुरते. उरलेले दोन अगदी मागच्या कोपऱ्यांत टांगू नयेत. ते दोन्ही बाजूंना, किंचित मागे (समोरच्या मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर) व कानापेक्षा थोडे उंच असावेत.

ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. दोन स्पीकरमधून तोच आवाज आला तर जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेने तो आल्याचे कानाला वाटते. हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात याचा अभ्यास मांडला. म्हणून टेपने प्रत्येक अंतर मोजून ते यंत्राच्या सेटिंगमध्ये भरावे.

घुमणे कमी करण्यास सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट पुरेसे होते.

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास अधिक घुमतो, आणि त्याचा खर्जातला आवाज भिंत ओलांडून शेजारच्या दहावीच्या विद्यार्थ्यापर्यंत जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबल आहे. संच लावून झाल्यावर एकदा शेजारच्या घरात बसून ऐकून यावे.