हैदराबाद बघू या, आपल्या सवडीनं आणि आपल्या पैशानं



शहरातल्या नोकरदारांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो, ‘लाँग वीकेंड’. शनिवार-रविवारला लागून एखादी सरकारी सुट्टी आली की तीन दिवस हाती येतात आणि माणसं बॅग उचलून निघतात. आपल्या हिंगणीत शनिवार काय अन् मंगळवार काय, वावर रोजच बोलावतं आणि म्हैस रोजच दूध देते. म्हणून ‘आपल्याला कुठली सुट्टी’ असं म्हणून आपण विषय तिथंच मिटवतो.

पण सुट्टी आपल्यालाही काढता येते. ती कॅलेंडरच्या लाल तारखेऐवजी पिकाच्या वेळेवर काढायची, आणि तिचा पैसा गटाच्या बचतीला हात न लावता वेगळा जमवायचा. एवढं सांभाळलं तर गटातल्या बारा जणी हैदराबाद बघून येऊ शकतात. ते कसं, हे आज सांगते.

हैदराबादच का, तर ते दक्षिणेतलं जुनं मोठं शहर आहे आणि सेवाग्रामहून एका रात्रीच्या गाडीवर आहे. आपलं त्याच्याशी नातंही आहे. वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता, आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिथल्या बोलीत ‘नक्को’ ऐकाल, तो आपलाच ‘नको’. होकाराला ‘हौ’ म्हणतात, तेही आपल्यासारखंच. भाषेची भीती मनातून काढून टाका.

आता वेळ. जूनपासून पेरणी आणि निंदण, दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग कापसाची वेचणी, संक्रांतीपर्यंत तूर. हरभरा सोंगायला येण्याआधी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थोडी उसंत मिळते. हळदीकुंकवाची धावपळही तोवर आटोपत येते. हैदराबादेत तेव्हा ऊन सोसवतं. एप्रिल-मे महिन्यांत गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढणं म्हणजे जिवाला त्रास. आणि आपल्याला शनिवार-रविवारचं बंधन नाही, तेव्हा गर्दीचे दिवस टाळा. रविवारी रात्री निघा, सोमवार, मंगळवार, बुधवार फिरा, बुधवारी रात्री गाडीत बसा आणि गुरुवारी घरी या. दोन रात्री गाडीत जातात, म्हणून मुक्कामाचं भाडं दोनच रात्रींचं लागतं. शुक्रवार मात्र मध्ये येऊ देऊ नका. त्या दिवशी सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा बंद असतात.

आता पैसा. समजा, प्रत्येकीचा खर्च ३,००० रुपये धरला. मार्च ते डिसेंबर हे दहा महिने दरमहा ३०० रुपये जमा केले की रक्कम होते. बारा जणींचे महिन्याला ३,६०० आणि दहा महिन्यांचे ३६,०००. या पैशाची वही वेगळी ठेवा. गटाची बचत, फिरता निधी, ग्रामसंघाकडून आलेला समुदाय गुंतवणूक निधी, यातला एक रुपयाही सहलीला वापरायचा नाही. सहलीसाठी अंतर्गत कर्जही घ्यायचं नाही. गटाचा पैसा कोणाच्या बियाण्याला, कोणाच्या दवाखान्याला लागतो. तो फिरण्यात गेला तर सहल संपेल, पण गटातली कुरबूर वर्षभर चालेल.

वही सुरू करतानाच तीन गोष्टी ठरवून ठरावात लिहा. कोणी मध्येच माघार घेतली तर पैसे कधी आणि किती परत द्यायचे? काढलेलं तिकीट रद्द करावं लागलं तर कापले जाणारे पैसे कोणी सोसायचे? आणि एकूण रकमेचा दहावा भाग, म्हणजे ३,६०० रुपये, अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. उरला तर सगळ्यांना सारखा वाटून द्यायचा.

तिकिटाचं वेळेत करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं, त्यामुळे जुना हिशेब धरू नका. जानेवारीअखेर जायचं तर नोव्हेंबरअखेर खिडकीवर हजर राहायचं. परतीचं तिकीट त्यानंतर तीन दिवसांनी उघडेल, तेव्हा पुन्हा जावं लागेल. एका फॉर्मवर सहाच नावं लिहिता येतात, म्हणून बारा जणींचे दोन फॉर्म होतात. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या स्लीपर वर्गात एकट्या किंवा फक्त बायांच्या गटानं जाणाऱ्यांसाठी सहा बर्थचा महिला कोटा असतो. खिडकीवर तो स्पष्ट बोलून मागा. पंचेचाळीस वर्षांच्या पुढच्या बायांना खालच्या बर्थचाही कोटा आहे. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याला सेवाग्राम स्थानक सोयीचं. नागपूर-बल्लारशाह-काझीपेठ मार्गावरच्या काही गाड्या तिथं थांबतात. हैदराबादकडे मात्र सिकंदराबाद, काचिगुडा आणि नामपल्ली अशी मोठी स्थानकं आहेत. तिकिटावर कोणतं आहे ते बघा आणि मुक्काम त्याच्याजवळ घ्या. मूळ आधार कार्ड प्रत्येकीनं आपल्याजवळ ठेवायचं.

बसबद्दल एक गोष्ट. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीतच. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून बायांना बसप्रवास मोफत आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायांना. आपण तिकीट काढायचं. कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही, खर्चातच ते धरून ठेवा.

आता काय बघायचं ते.

पहिला दिवस चारमिनारचा. मुहम्मद कुली कुतुबशहानं १५९१ मध्ये हे शहर वसवलं आणि त्याच वर्षी चारमिनार उभारला. शेजारी मक्का मशीद आहे. तिथं डोक्यावर पदर घ्या, चपला बाहेर काढा. जवळच लाड बाजार, लाखेच्या बांगड्यांचा. तापवून मऊ केलेल्या लाखेच्या कड्यावर एकेक खडा हातानं बसवतात. बांगड्या घ्याच, पण वस्तू मांडतात कशी, बांधून देतात कशी, भाव सांगतात कसा, तेही बघून घ्या. आपल्या गटाचे पापड-मसाले विकताना त्याचा उपयोग होईल.

दुसरा दिवस गोवळकोंड्याचा. सकाळी लवकर पोहोचा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. वर बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालचा भाग बघितला तरी पुष्कळ आहे. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू येते. निम्म्या जणी वर आणि निम्म्या खाली थांबून करून बघा. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज याच राज्याच्या राजधानीत आले होते आणि अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. पुढे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ मध्ये औरंगजेबानं हा किल्ला घेतला.

किल्ल्यात रामदासाची कोठडी दाखवतात. हे आपले समर्थ नव्हेत, हे भद्राचलमचे भक्त रामदास, मूळ नाव कंचर्ला गोपन्ना. वसुलीचा सरकारी पैसा त्यांनी भद्राचलमच्या राममंदिराला लावला, म्हणून त्यांना इथं कैद झाली असं सांगतात. काम देवाचंच होतं, पण पैसा दुसऱ्या कामाचा होता. गटाच्या सचिवांनी ही कोठडी जरूर बघावी.

किल्ल्याजवळच कुतुबशाही घुमट आहेत. तिथं हयात बख्शी बेगमची कबर शोधा. ती शहर वसवणाऱ्याची मुलगी, पुढच्या सुलतानाची बायको आणि त्यानंतरच्याची आई. मुलगा लहान असताना तिनंच राज्याचा कारभार पाहिला. लोक तिला ‘माँ साहेबा’ म्हणत. शहरातल्या ‘मासाब टँक’ या भागाचं नाव त्यावरूनच पडलंय. बसच्या पाटीवर ते नाव दिसलं की तिची आठवण करा.

तिसरा दिवस सालारजंग संग्रहालयाचा. १९५१ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथली ‘बुरख्यातली रेबेका’ बघा. दगड संगमरवरी, पण चेहऱ्यावर ओलं पातळ कापड पडल्यासारखं वाटतं. बेंझोनी नावाच्या इटालियन कारागिराचं काम आहे. एक घड्याळही आहे, त्यात दर तासाला छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो. संग्रहालयाजवळून मुसी नदी वाहते. सप्टेंबर १९०८ मध्ये तिच्या महापुरात हजारो माणसं गेली. त्यानंतर वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं बांधली. बोर धरणाशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सामानात पहिल्या दिवसाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी, रोजच्या गोळ्या, पॅड, बॅटरी आणि एक चादर. सहा-सहा जणींच्या दोन तुकड्या करा आणि प्रत्येकीची एक प्रमुख नेमा. गर्दीत चुकलो तर कुठं भेटायचं ते प्रत्येक ठिकाणी आधी ठरवा. रेल्वेत अडचण आली तर १३९, इतर कुठंही ११२.

राहिलं घर. ‘जाऊ का?’ असं विचारलं की बोलणं नकारापासून सुरू होतं. त्याऐवजी तारखा, गाडी, मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या बायांची नावं आणि त्या चार दिवसांत जनावरं, स्वयंपाक, शाळेचा डबा कोणाकडे, असं सगळं एका कागदावर लिहून समोर ठेवा. घरात सून आणि सासू दोघी गटात असतील तर एक या वर्षी जाईल, दुसरी पुढच्या वर्षी. देवाला जायचं म्हटलं की कोणी अडवत नाही. आपण माहूरला जातो, शेगावला जातो, ते चांगलंच आहे. पण नुसतं बघायला, चार गोष्टी शिकायला, मैत्रिणींसोबत हसायला जाणं हेही काही वाईट काम नाही. वर्षभर राबणाऱ्या बाईनं स्वतःच्या पैशानं चार दिवस घेतले, तर घर कोसळत नाही.

तेव्हा येत्या बैठकीत वसुली आणि कर्जफेड झाली की ‘सहल वही’ हा विषय घ्या. किती जणी तयार आहेत ते लिहा आणि पहिले ३०० रुपये त्याच दिवशी जमा करा.