पोक्सो खटल्यात मुलासोबत कोण असते? जाणून घ्या ‘सपोर्ट पर्सन’विषयी

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवली की अवघड टप्पा संपला, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात जबाब, वैद्यकीय तपासणी, तारखा, साक्ष, उलटतपासणी हे सगळे पुढेच असते. त्यात आरोपी अनेकदा नात्यातला किंवा ओळखीचा निघतो. ‘मिटवून टाका’ असा दबाव येतो आणि मूल गप्प होते. या काळात मुलाच्या सोबत राहणारी एक प्रशिक्षित व्यक्ती देण्याची तरतूद कायद्यात आहे. तिलाच ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतात.

नेमणूक कोण करते?
पोक्सो कायदा २०१२ चा आहे, तर सध्याचे नियम २०२० चे. तक्रार आल्यावर पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. समिती मूल आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन नेमते. बालहक्क क्षेत्रात काम करणारी व्यक्ती वा संस्था, मूल बालगृहात असेल तर तिथले अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी हे काम करू शकतात.

अशी मदत मिळते, हेच अनेक पालकांना ठाऊक नसते. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क पालकांना सांगितलाच पाहिजे आणि सपोर्ट पर्सन देणे ही राज्याची जबाबदारी आहे, ऐच्छिक बाब नाही.

नेमके काम काय?
ही व्यक्ती वकील नसते, तपास अधिकारीही नसते. पुढची तारीख कधी, कोर्टात काय होणार, भरपाई व समुपदेशन कुठे मिळेल, हे ती मुलाला आणि घरच्यांना सोप्या शब्दांत सांगते. मुलाला आरोपीची भीती वाटत असेल, तर ती भीती संबंधित यंत्रणेपर्यंत पोहोचवते. मुलाची ओळख आणि माहिती गुप्त ठेवणे तिच्यावर बंधनकारक असते. साक्षीत काय बोलायचे हे मात्र तिने मुलाला पढवायचे नसते.

कोर्टात मुलाचे हक्क कोणते?
• सुनावणी बंद दाराआड होते.
• साक्ष देताना आरोपी मुलासमोर येणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.
• वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात.
• गरज पडल्यास मुलाला मध्ये विश्रांती मिळते.
• खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असतो.

हे हक्क कागदावरच राहू नयेत, यासाठी ते माहीत असलेले कुणीतरी मुलासोबत हवे.

अमेरिकेत वेगळे काय?
तिथे अत्याचार किंवा दुर्लक्ष झालेल्या मुलांसाठी न्यायालय स्वयंसेवक नेमते. १९७७ मध्ये सिएटलमध्ये न्यायाधीश डेव्हिड सूकप यांच्या पुढाकाराने ही पद्धत सुरू झाली. मुलाचे हित कशात आहे, याचा अहवाल तो स्वयंसेवक न्यायाधीशांना देतो. आपल्याकडील सपोर्ट पर्सनची भूमिका मुख्यतः सोबत आणि मदतीची आहे.

तुम्हाला हे काम करायचे आहे?
जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे सपोर्ट पर्सनची नोंदवही असते. तिथे चौकशी करा. समाजकार्य, मानसशास्त्र किंवा बालविकासाचे शिक्षण आणि मुलांसोबतच्या कामाचा अनुभव उपयोगी पडतो. खटला लांबू शकतो, हे गृहीत धरूनच पुढे या. मोठ्यांवरचा विश्वास आधीच गमावलेल्या मुलाला अर्ध्या वाटेत सोडून जाणे परवडणारे नसते.

पालकांनी काय करावे?
पोलिसांना आणि बालकल्याण समितीला ‘आम्हाला सपोर्ट पर्सन हवी आहे’ असे लेखी कळवा. नेमलेली व्यक्ती योग्य वाटली नाही, तर कारण न देताही तिची सेवा थांबवण्याची विनंती करता येते. तातडीच्या मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे १०९८.