पाचव्या मजल्यावरची न्हाणी

सकाळी ७

चहा घेता घेता वहीत आजची कामं उतरवते. कोथरूडच्या एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू आहे. खोली ८ फूट बाय ५ फूट. घर सजवताना हॉल आणि किचनचं कौतुक फार होतं, बाथरूम शेवटी उरलेल्या पैशांत उरकली जाते. मला हेच काम सगळ्यात आवडतं. इथं काही झाकायला पडदे नाहीत, गालिचे नाहीत; आणि घरातलं प्रत्येक माणूस दिवसाची सुरुवात इथंच करतं.

या घरात आजी आहेत. त्यांचं लहानपण कसब्यातल्या वाड्यात गेलं. तो वाडा १९६१ च्या पानशेतच्या पुरातून तगला, पुढे बिल्डरकडे गेला. पहिल्या भेटीत त्यांनी टाइल्सचे कॅटलॉग न उघडताच बाजूला सरकवले आणि वाड्यातली न्हाणी कशी होती ते सांगू लागल्या. काळ्या दगडाची जमीन, चुन्याच्या भिंती, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ, कोनाड्यात दिवा. मी वहीत तीन शब्द लिहिले: दगड, चुना, तांबं. थीम तिथंच ठरली. आता आत येणारी प्रत्येक वस्तू या तिघांपैकी कुणाच्या तरी नात्यातली हवी. तशी नसेल तर नजरेला न पडेल अशी बसवायची, तेही जमत नसेल तर आणायचीच नाही.

८.४५

साइटवर जाण्याआधी चौथ्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवली. "काकू, तुमच्या बाथरूमचं छत बघू का जरा?" त्यांनी स्टूलच आणून दिलं. छताला हात लावून पाहिला, कोपरे टॉर्चने पाहिले. कोरडं ठणठणीत.

या इमारतीत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खोल टाकलेला आहे. त्या खड्ड्यात पाइप जातात आणि वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा होतो. वॉटरप्रूफिंग करून त्यात पाणी साठवून ठेवलं होतं. ४८ तास तरी ठेवायचंच, घाई असली तरी. खालचं छत कोरडं दिसल्याशिवाय मी दगड बसवायला घेत नाही. महागातली फरशी फोडून गळती शोधायची वेळ आली, की थीम, रंग, हौस सगळं त्या राबिटाबरोबर गोणीत भरून खाली जातं.

९.३०

"ताई, सोडू का पाणी?" मिस्त्री नांदेडकडचे, पुण्यात त्यांची निम्मी हयात गेली. पाणी सोडलं, आणि आम्ही हॉलमध्ये फरश्या कोरड्याच मांडायला घेतल्या.

आजींच्या आठवणीतली जमीन काळ्या पाषाणाची. आज काळा दगड म्हटलं की दुकानदार कडाप्पा दाखवतो. दिसतो सुंदर, पण या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर लगेच उठतात. शिवाय काळ्या जमिनीवर सांडलेलं पाणी थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जमिनीला निळसर-हिरवा कोटा घेतला, लेदर फिनिशचा. पायाला किंचित खरखरीत लागतो, ओला झाला की रंग गडद होतो आणि वाड्याच्या दगडाच्या पुष्कळ जवळ जातो. कडाप्पा फक्त दाराच्या उंबऱ्याला ठेवला.

आतली मोकळी रुंदी ४ फूट १० इंच. दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, धरून साडेचौदा इंचांच्या ४ ओळी बरोबर बसतात, एकही कापावी लागत नाही. लांबीत तसं जमत नव्हतं. अशा वेळी पूर्ण फरशी दारासमोर, जिथं नजर पहिल्यांदा पडते तिथं, आणि कापलेली ओळ टोकाला. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ३-४-५ चं माप टाकून पाहिलं तर एक कोपरा जवळजवळ अर्धा इंच फिरलेला. तो फरक दारामागच्या कडेला दडवायचा.

मग ढाळ. जाळी मधोमध असली की चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, त्यासाठी फरशी तिरकी कापावी लागते आणि मोठ्या दगडाचा सगळा भारदस्तपणा जातो. म्हणून मागच्या भिंतीलगत लांबट चॅनल घेतलं आहे, ते खाली जुन्या नहाणी ट्रॅपला जोडलं. ढाळ एकाच दिशेला: ओल्या भागात फुटाला पाव इंच, कोरड्या भागात त्याहून कमी. मधे कट्टा नाही, पायरी नाही, आजींना पाय उचलावा लागणार नाही. चॅनलवरची स्टीलची जाळीही नको होती. त्या जागी खोलगट ट्रे येतो, त्यात कोट्याचीच पट्टी बसते आणि दोन्ही कडांच्या बारीक फटींतून पाणी जातं. ती पट्टी शेजारच्या फरश्यांच्या शिरा जुळवून कापायची, हे मिस्त्रींनी आपणहून सुचवलं. दगडावर खडूने खुणा त्यांनीच केल्या.

११

भिंतीच्या वरच्या ओळी झाल्या आहेत. सगळ्यात खालची ओळ फरशीनंतर बसते. टाइल्स मोरबीच्या, चुन्यासारख्या पांढुरक्या, बिनचकाकीच्या. दर्जांत भरायचं एपॉक्सी ग्राउटही त्याच रंगाचं. करडं ग्राउट घेतलं असतं तर भिंतीवर आलेखवही उमटली असती आणि दगडाकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

एक रुपयाचं नाणं घेऊन टाइल टाइल वाजवून पाहिली. भरीव बसलेली टाइल टणक वाजते. आत पोकळी राहिली की आवाज बद्द येतो. शॉवरच्या बाजूला, जमिनीपासून ३३ इंचांवर, एक टाइल कोपऱ्यात बद्द वाजली. नेमकं तिथंच आजींच्या हाताचं हँडल येणार. पोकळ टाइलला ड्रिल लागलं की ती तडकते आणि त्या हँडलवर एक दिवस आजी सगळा भार टाकणार आहेत. मिस्त्रींनी स्वतः वाजवून पाहिलं, मान हलवली आणि काही न बोलता टाइल काढली. मागे मसाल्याच्या रेघा होत्या, चारही कोपऱ्यांपर्यंत पोचल्या नव्हत्या. पुन्हा लावताना त्यांनी भिंतीला आणि टाइलच्या पाठीला, दोन्हीकडे मसाला चोपडला.

प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. देशभरातले कितीतरी प्लंबर त्याच भागातून येतात. त्याला माझी मापं चमत्कारिक वाटली: शॉवरखाली जमिनीपासून दोन फुटांवर वेगळा नळ कशाला? कारण आजी बादलीनंच आंघोळ करतात, आणि बसून. १७ इंच उंचीचा दगडी ओटा, शेजारी नळ, नळाखाली बादली. सून आणि नातू शॉवर घेतील, तो ७ फुटांवर आहेच. काचेचं क्युबिकल मी काढून टाकलं ते याच कारणानं. वाड्यातली न्हाणी म्हणायची आणि बादलीला जागा ठेवायची नाही, हे मला पटत नाही.

१२.४५

सूनबाई ऑफिसमधून मधल्या सुट्टीत येऊन गेल्या. फोनमध्ये बरेच फोटो: पैठणीच्या मोरांची बॉर्डर असलेल्या टाइल्स, वारली नक्षीच्या टाइल्स. "आपलं मराठमोळं दिसेल ना? एकच भिंत करूया." त्यांचा उत्साह खरा होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. वारलीचा लग्नचौक म्हणजे तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढलेलं मंगलचित्र. त्याची छापील नक्कल कमोडच्या मागे लावावी असं मला वाटत नाही. पैठणीचा मोर रेशमात आणि जरीत जगतो. आणि मराठमोळ्या सगळ्या वस्तू एकत्र आणल्या म्हणजे खोली एकजीव होत नाही. वाड्याच्या न्हाणीत नक्षी नव्हतीच. जी शोभा होती ती दगड ओला झाल्यावरची, तांब्यावर उजेड पडल्यावरची.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोनाडा मात्र हवा." कोनाडा आहेच, आरशाशेजारी, वरून कमानदार.

२

दुपारी सोसायटीत कटर चालवायला बंदी. डबा खाल्ला आणि रिक्षानं कसब्यात.

२.३०

तांबट आळी. पेशवाईपासून इथं तांबट वसलेले. स्टील घराघरांत शिरल्यावर बंब-घंगाळांचं गिऱ्हाईक आटलं; आता इथून दिवे, ताटल्या आणि बेसिनं जातात. लांबूनच ठोके ऐकू येतात.

आजींचं जुनं घंगाळ पिशवीत घालून नेलं होतं. त्यालाच भोक पाडून बेसिन करावं असं घरात एकानं सुचवलं होतं. आजी नाही म्हणाल्या आणि मला आनंद झाला. घंगाळ घंगाळच राहील, ओट्याशेजारी, गरम पाण्यासाठी. बेसिन नवं, पण त्याच घाटाचं.

तांबटांनी दोन्ही भांडी शेजारी ठेवली. जुन्या घंगाळाची कड बाहेर वळलेली, आत तार भरलेली. नव्याची कड अजून सरळ होती, ती वळवायला सांगितली. मग त्यांनी मठार दाखवला. भांडं ऐरणीवर धरायचं, डाव्या हातानं किंचित फिरवत राहायचं, उजव्या हातानं गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं ठोका. प्रत्येक ठोक्याला भाकरीवरच्या बोटाच्या ठशासारखा एक छोटा चकचकीत खळगा. पुढचा ठोका त्याला चिकटून, पण त्यावर नाही. तळापासून गोल गोल वर चढत जायचं. दिसायला शोभा आहे, पण ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडं चेपत नाही. मठाराचं खरं कारण तेच. मी नुसती बघत उभी राहिले. हातोडी उचलायची उंची एकदाही बदलली नाही.

मध्यभागी ३२ मिलिमीटरच्या वेस्ट कपलिंगसाठीचं भोक माझ्यासमोर आखून घेतलं. भोक चुकलं तर कपलिंग बसत नाही आणि सगळी मेहनत फुकट.

तांब्याच्या बेसिनवर साबणाचे, पेस्टचे डाग पडणार आणि घरातलं कुणीतरी लिंबू-मीठ किंवा चिंच लावणारच. आंबट पदार्थ चुनखडकाला खातो. कडाप्पा आणि कोटा दोन्ही चुनखडकच. म्हणून बेसिनखालचा ओटा काळ्या मॅट ग्रॅनाइटचा ठरवला आहे. त्याला लिंबाचा त्रास नाही. फरशी पुसायला ॲसिड वापरायचं नाही, हे कामवाल्या मावशींना मी स्वतः सांगणार आहे.

४.४५

साइटवर परत. शॉवरच्या भागात टाइल छतापर्यंत आहे. बाकी भिंतींवर चार फुटांच्या वर चुन्याचा गिलावा येणार, त्याचा नमुना पाहिला. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि तो दमटपणा शोषून पुन्हा सोडतो. पहिल्या नमुन्यापेक्षा दुसरा बरा, घोटाई जास्त झालेला.

६.३०

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, म्हणजे दिवसाही दिवा लागणारच. दोन बल्ब आणले होते. ६५०० केल्विनचा पांढरा लावला तर कोटा निळा पडला, पितळी नळ हिरवट दिसू लागला. ३००० चा लावला तेव्हा चुना उबदार झाला, तांब्याच्या तुकड्याला रंग चढला. आरशावर ३०००, कोनाड्यात २७००, याहून वेगळं काही नाही. दिवे पाण्याच्या शिंतोड्यांना चालणारे, आयपी ४४ चे. एक्झॉस्ट पंखा ६ इंचांचा, पांढरा, दारावर उंच.

नळ आणि हँडल एकाच फिनिशचे, पीव्हीडी कोटिंगच्या पितळी रंगात. नुसतं लॅकर मारलेलं स्वस्त मिळतं, पण काही वर्षांत सोलून निघतं.

७.४५

घरी पोचेपर्यंत सूनबाईंचा फोन. "बादली कुठली आणू? तांब्याची मिळते का?"

मिळते, आणि शोभेलही. पण भरल्यावर आजींच्यानं ती सरकवली जाणार नाही. प्लॅस्टिकचीच आणा म्हणाले, हलकी, १३ लिटरच्या आसपास, राखाडी, कडी मजबूत असलेली. निळी-लाल नको. मग आणखी एक सांगितलं: दुकानात भरून पाहता येत नसेल तर कडी धरून आजींनाच उचलायला लावा.

मिस्त्रींना मेसेज केला: उद्या १० वाजता कोटा बसवायला घेऊ, चॅनलची पट्टी आधी कापायची.