हॉलंड मार्श : स्थलांतरित कुटुंबांची भाजीपाला शेती आणि झिजणारी मृदा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटो शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर हॉलंड मार्श हा सुमारे ७००० एकरांचा सखल प्रदेश असून तो गाजर व कांदा या पिकांसाठी प्रसिद्ध आहे. डच शेतकऱ्यांमुळे हे नाव पडले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ते सॅम्युएल हॉलंड या अठराव्या शतकातील भूमापन अधिकाऱ्याचे नाव होय. (तोही जन्माने डचच होता, हा भाग वेगळा.) प्रस्तुत लेखात ही शेती ज्या मृदेवर उभी आहे, तिच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

दलदलीत हजारो वर्षे वनस्पतींचे अवशेष साचत गेले. पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नसल्याने ते पूर्णपणे कुजले नाहीत. त्यांतून काळी, हलकी, भुसभुशीत अशी 'मक' मृदा तयार झाली. आपल्याकडील रेगूर मृदेशी तिचे साम्य रंगापुरतेच आहे. रेगूर ही प्रामुख्याने बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली खनिज मृदा होय. मक मृदा मुख्यत्वे सेंद्रिय असून कोरडी पडल्यास ती चक्क पेटू शकते.

पूर्वी येथे गाद्यांत भरावयाचे जाडेभरडे गवत तेवढे कापले जाई. ओंटारिओ कृषी महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डे यांनी या भूमीचा अभ्यास केला व पुढे प्राध्यापकी सोडून तिच्या जलनिःसारणाची धुरा वाहिली. १९२५ ते १९३० या काळात सभोवार कालवे व बांध घालून नदीचे पाणी बाहेरून वळविण्यात आले. आतील पाणी पंपांनी उपसले जाऊ लागले. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, काही डच कुटुंबे शासकीय साहाय्याने आन्सनोरव्हेल्ट येथे स्थायिक झाली. पुढे युरोपातील इतर देशांतून आलेली, तसेच जपानी व चिनी वंशाची कुटुंबे आली. जमिनीचे तुकडे लहान, पिके मोलाची आणि खुरपणी हाताची. त्यामुळे घरातील सर्वांचे श्रम हेच खरे भांडवल ठरले. ऑक्टोबर १९५४ मधील हेझल चक्रीवादळात सारा प्रदेश पाण्याखाली गेला, तरी पुढील वर्षी पुन्हा पेरणी झाली.

पूर ओसरतो, मृदेची झीज मात्र थांबत नाही. पाणी काढताच मातीत हवा शिरते, सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात व त्यातील कार्बन वायुरूपाने निघून जातो. उरलेली माती दबते, काही वाऱ्याने उडते. म्हणजे ज्या निचऱ्याने शेती शक्य झाली, तोच निचरा मृदेचा थर पातळ करतो. वडिलांकडून मुलाकडे येणारी जमीन एकरांत तेवढीच, पण खोलीत कमी भरते. विलोच्या झाडांच्या रांगा व आच्छादन पिके यांनी वाऱ्याची धूप कमी होते. विघटन रोखावयाचे तर भूजल पातळी उंच ठेवावी लागते. परंतु ती फार चढल्यास गाजराची मुळे कुजतात. त्यामुळे पाणी किती उपसावे, हा प्रश्न प्रत्येक हंगामात नव्याने उभा राहतो.