कोळशाच्या गाडीचे चाक का तडकते?

माजरी जंक्शनजवळच्या फाटकावर थांबलेल्यांना कोळशाच्या मालगाड्या नव्या नाहीत. गाडी जाताना कधी एखाद्या डब्याखालून जलद, ठरावीक ‘ठक-ठक’ ऐकू येते. रुळाच्या सांध्याचा आवाज एकाच जागी येतो. हा ठोका मात्र डब्यासोबत पुढे जातो. अशा चाकाचा काही भाग चपटा झालेला असतो. चाकाचा घेर सुमारे तीन मीटर, म्हणजे ताशी 60 किलोमीटर वेगात रुळावर सेकंदाला पाच घाव बसतात.

भरलेल्या डब्याच्या एकेका चाकावर दहा-अकरा टन भार असतो आणि तो रुळाला टेकतो नखाएवढ्या जागेवर. हे सहन व्हावे म्हणून कारखान्यात तापलेल्या चाकाची कड पाण्याने झपाट्याने थंड करतात. त्यामुळे कडेत कायमचा दाब साठून राहतो. हा दाब बारीक भेगेची तोंडे मिटलेली ठेवतो.

घात होतो तो उष्णतेने. मालडब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या कडेवरच घासतात. हँडब्रेक सोडायचा राहिला किंवा ब्रेक चिकटून बसला, तर कड काही शे अंशांपर्यंत तापते. तिला प्रसरण पावायचे असते, पण मधला थंड भाग तिला अडवतो. तापून मऊ झालेली कड जागच्या जागी दबते. गार झाल्यावर ती आकसते आणि दाबाच्या जागी ताण येतो. आता तीच भेग उघडू लागते. चंद्रपूरचा 45 अंशांचा उन्हाळा यापुढे किरकोळ आहे.

झीज या धोक्यात भर घालते. नव्या मालडब्याच्या चाकाचा व्यास साधारण 1000 मिलिमीटर असतो. धावून आणि लेथवर पुन्हा पुन्हा कातून तो कमी होतो. कड पातळ झाली की उष्णता सामावायला धातू कमी उरतो. तेवढ्याच ब्रेकने चाक जास्त तापते. म्हणूनच ठरलेल्या मर्यादेपर्यंत झिजलेले चाक बाद करतात.

मात्र मर्यादा पाळली म्हणजे धोका संपला, असे नाही. 3 जून 1998 रोजी जर्मनीत एशेडे येथे वेगवान गाडीच्या चाकाची धाव तुटून 101 जणांचा बळी गेला. ते चाक 920 वरून 862 मिलिमीटरपर्यंत झिजले होते. परवानगी 854 पर्यंत होती. त्याची रचना वेगळी होती, धाव आणि चाक यांमध्ये रबर होते. पण पातळ झालेली धाव प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकत होती आणि भेग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने वाढली.

म्हणूनच आता चाकाचे माप घेण्याबरोबर ध्वनिलहरींनी आतली भेग शोधतात आणि रुळात बसवलेली यंत्रे चाकाचा घाव मोजतात. तरीही माणसाचे डोळे-कान उपयोगी पडतात. धावत्या डब्याखाली ठिणग्या, धूर किंवा लालभडक चाक दिसले, तर रुळाजवळ न जाता लगेच फाटकवाल्याला, स्टेशनमास्तरला किंवा 139 क्रमांकावर कळवावे. गाडी पुढच्या स्थानकात थांबवता येते.