आजीचा तानपुरा आणि म्युझियमचं ‘सॉरी’!

घर शिफ्ट करताना माळ्यावरून काय काय निघतं! तांब्याचा बंब, पितळी डबे आणि खोळीत गुंडाळलेला आजीचा तानपुरा. नव्या टू बीएचकेत हा ठेवायचा कुठे? मग कुणीतरी सुचवतं, ‘म्युझियमला देऊन टाक ना!’ फुकट मिळतंय म्हटल्यावर ते उड्याच मारतील, असं आपल्याला वाटतं. आणि समोरून येतं गोड शब्दांतलं ‘सॉरी’. राग येतोच. पण जरा त्यांच्या बाजूनंही बघू या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस-एक हजार वस्तू आहेत, मांडलेल्या जेमतेम 2,500. बाकीच्यांनाही जागा लागते, देखभाल लागते. वस्तू एकदा घेतली की ती कायमची सांभाळायची असते. त्यात तानपुरा म्हणजे नाजूक प्रकरण! भोपळा एका धक्क्यात तडकतो, लाकडाला कीड लागते, पावसाळ्यातली दमट हवा सांधे उकलते.

खरी गोची पुढेच आहे. वाद्य वाजायला हवं तर तारा बदला, जवारी काढा, वेळ पडली तर घोडीही नवी बसवा. वाजेल छान, पण जुनं किती उरलं? गवयाला वाजणारा तानपुरा हवा, संग्रहालयाला जसाच्या तसा. आपला बहुतेक वेळा दोन्हींच्या मधे लटकतो!

शिवाय कायदा. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचं काम असतं, घोडी सांबरशिंगाची असते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कागदपत्रांशिवाय अशा वस्तूला हात लावायला संस्था कचरतात. त्यात आपल्या अटी... ‘आजीच्या नावाची पाटी लावा आणि कायम दर्शनी भागातच ठेवा हं!’ कोण हो म्हणेल?

मात्र तानपुऱ्यासोबत मैफलीतला आजीचा फोटो, दुकानाची पावती, ती कुणाकडे शिकली याची माहिती असेल, तर चित्र बदलू शकतं. नुसतं ‘खूप जुना आहे’ यानं काही होत नाही. ही माहिती ज्यांच्याकडे आहे, त्या आत्या-मावश्यांना आत्ताच फोन करा.

तरीही नकार आला, तर मिरज आहे ना! तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. तिथल्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्या आणि गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. आणि हो, टेम्पोत घालून थेट म्युझियमच्या दारात जाऊ नका. आधी फोटो आणि मापं पाठवा.